ठरलेला मालकच नाही अशा कामगाराला पीएफ, ग्रॅच्युइटी, उपचार देणं आपल्यासारख्या देशात शक्य आहे का?

हो, शक्य आहे. महाराष्ट्रात माथाडींसाठी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी, पन्नासहून जास्त वर्षं ते चालू आहे आणि मी त्याच व्यवस्थेच्या आधारावर वाढलो आहे.

शंका अशी असते की हमाल असो वा ॲपवरून डिलिव्हरी करणारा मुलगा, कामगार आज इथे, उद्या तिथे, देश गरीब. मग त्याचा पीएफ कापणार कोण आणि भरणार कोण? यातला ‘कोण’ हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पैसा कमी पडतो ही पुढची गोष्ट. आधी अडतं ते मालक कोण यावर.

मुंबईच्या मशीद बंदर, दाणा बंदर भागातले हमाल आठवा. बरेचसे सातारा, पुणे जिल्ह्यांतल्या डोंगराळ गावांतून आलेले. सकाळी एका पेढीचा ट्रक खाली करायचा, दुपारी दुसऱ्या पेढीचा भरायचा. मजुरी टोळीच्या मुकादमाच्या हातात पडायची आणि पुढे तो देईल तेवढी. व्यापारी म्हणायचा, हा माझा नोकर नव्हे. मुकादम म्हणायचा, मी फक्त माणसं पुरवतो. पाठ गेली की हमालाने गावी परतायचं, रिकाम्या हाताने. याविरुद्ध मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केलं, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला.

त्या कायद्याने मालक शोधण्याचा वादच बाजूला ठेवला. त्या त्या धंद्यासाठी एक मंडळ नेमलं, त्यात कामगार, व्यापारी आणि सरकार असे तिघांचे प्रतिनिधी. मंडळाकडे व्यापाऱ्यानेही नोंदणी करायची आणि टोळीनेही. जेवढी हमाली झाली तेवढी मजुरी आणि तिच्यावर ठरलेली जादा रक्कम, म्हणजे लेव्ही, व्यापारी मंडळात भरतो. लेव्ही मंडळागणिक वेगळी असते, पण साधारण मजुरीच्या तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास. मंडळ मजुरी कामगाराला देतं आणि लेव्हीतून त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्ट्या, औषधपाणी बघतं. दिवसभरात पाच पेढ्यांवर काम केलं तरी पाचही पेढ्यांचे पैसे एकाच नावावर येतात. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केंद्राने केलेला कायदा डोळ्यांसमोर होताच. पण तो मोठ्या बंदरांपुरता होता. इथे तोच विचार किराणा, लोखंड, कापड, कांदा-बटाट्याच्या बाजारात आणला गेला.

मंडळाचा कारभारही लेव्हीतूनच चालतो, सरकारी तिजोरीवर भार पडत नाही. ज्याचा माल उचलला जातो तोच उचलणाऱ्याच्या म्हातारपणाचा खर्चही देतो. त्यामुळे ‘गरीब देशाला हे परवडणार नाही’ हा आक्षेप मला कधीच पटलेला नाही.

माझे वडील मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला हमाली करायचे. शाळेत जेमतेम गेलेले. पण पीएफची पावती त्यांना बरोबर वाचता यायची, कारण तिच्यावर त्यांचं नाव होतं. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं घर, आम्हा भावंडांची शिक्षणं, निवृत्तीनंतर कुणापुढे हात न पसरता जगणं, हे सगळं त्या कागदातून आलं. कुणी याला मदत म्हटलं तर मला राग येतो. ती त्यांची कमाई होती, थोडी उशिरा हातात आलेली.

आता याच्या शेजारी बांधकाम कामगारांचा कायदा ठेवून बघा. तो १९९६ साली झाला. इमारतीच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि पैसा भरपूर जमतो. पण तो इमारतीमागे जमा होतो, कोणत्या गवंड्याने किती दिवस काम केलं याचा त्याच्याशी संबंध नसतो. मग कामगारानेच वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणायचा आणि नोंदणीचं नूतनीकरण करत राहायचं. बिहारहून आलेला, तीन महिन्यांनी साइट बदलणारा मजूर हा दाखला कुणाकडून आणणार? हजारो कोटी पडून असल्याबद्दल २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना चांगलंच सुनावलं होतं. पैसा होता, माणसापर्यंत वाट नव्हती.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो ऊसतोड कामगारांसाठी. तिथे आजही टोळी आहे, मुकादम आहे, वर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम आहे. म्हणजे १९६९ पूर्वीचं मशीद बंदर बीडच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जसंच्या तसं आहे. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला झालेल्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला आणि मुकादमाचं कमिशन वीस टक्के. कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाला कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे, असं ठरलेलं आहे. हिशेब तुम्हीच करा. माणसं आणणाऱ्याला टनामागे सत्तर रुपयांहून जास्त आणि ऊस तोडणाऱ्याच्या आजारपणासाठी, म्हातारपणासाठी, मुलांच्या वसतिगृहासाठी मिळून वीस.

त्यातही बाईचा हिशेब वेगळा होतच नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवऱ्याच्या हातात, व्यवहार नवऱ्याच्या नावावर. ती पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, पण कागदावर कुठेच नसते. माथाडीसारखं मंडळ इथे आलं तर प्रत्येक टनाची मजुरी अर्धी-अर्धी दोघांच्या खात्यांवर टाकता येईल. कारखान्याचा काटा प्रत्येक गाडीचं वजन लिहूनच ठेवतो, त्यामुळे मोजायचं कसं हा प्रश्नच उरत नाही.

माथाडी व्यवस्थेत दोष नाहीत असं मी म्हणत नाही. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाखाली काम न करता वसुली करणारे घुसले आहेत आणि त्याचा सर्वांत मोठा फटका खऱ्या हमालाला बसतो, कारण त्या बदनामीचा दाखला देऊन कायदाच मोडीत काढा म्हणणारे वाढतात. उलट बाजूला, लेव्ही वाचवायला कामगार दाखवायचेच नाहीत असे मालकही कमी नाहीत. मंडळाकडे निरीक्षक पुरेसे हवेत आणि गुंडगिरीवर गुन्हे दाखल व्हायला हवेत. दोन्ही गोष्टी कायद्यात बसतात.

आता डिलिव्हरी करणाऱ्या मुलांकडे बघा. त्यांचं काम तर हमालापेक्षा मोजायला सोपं, प्रत्येक ऑर्डर ॲपमध्ये नोंदलेली. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली असे कायदे केले की अशा प्रत्येक कामामागे कंपनीकडून कल्याण शुल्क घ्यायचं. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के घेण्याची तरतूद आहे, तीही कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच. मला राज्यांची वाट जास्त योग्य वाटते, कारण पैसा कामाबरोबर चालतो. पण कर्नाटकातही शुल्काची मर्यादा पाच टक्केच आहे. एरवी कारखान्यातल्या कामगारासाठी मालकाचा नुसता पीएफचा वाटाच बारा टक्के असतो. तेव्हा या मुलांसाठी कायदा झाल्याची बातमी वाचाल तेव्हा त्यात दोनच गोष्टी बघा: टक्का किती आहे, आणि जमा झालेला पैसा त्या मुलाच्या स्वतःच्या नावावर दिसतो की नाही.