काल चालत होतं, आज चालंना

चि. बाळ,

तुझा मेसेज वाचला, ऑफर लेटरचा फोटोही नीट बघितला. घे ती नोकरी.

पद 'सपोर्ट एक्झिक्युटिव्ह', पगार महिना १२,०००, ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, आणि काम म्हणजे पतसंस्था आणि फौंड्र्यांना, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांना विकलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळणं. वर्गातल्या मैत्रिणी पुण्यात बावीस हजारांवर लागल्या आणि मी बीसीए होऊन लोकांचे प्रिंटर बघायला जाऊ का, असं तू विचारलंयस. पप्पांचं म्हणणं तिसरंच. साठ हजार भरून आधी कोर्स कर, मग बघू.

पगार कमी आहे, हे गोड करून सांगणार नाही. आपल्याकडं बिगाऱ्याची हजेरी याहून जास्त पडते. पण बावीस हजारही नीट मोजून बघ. हिंजवडी-वाकडला कॉट बेसिसवर राहायचं तर सहा-सात हजार तिथंच जातात. मग मेस, रोजचं येणं-जाणं, महिन्यातून एकदा गावाकडची फेरी. तू कागलहून ये-जा करणार, एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, डबा घरचा. महिनाअखेरीला दोघींच्या हातात उरणारी रक्कम फार लांब नसेल. त्यामुळं पगारावरून ठरवूच नको. हाताखालून काय काय जाणार, ते बघ.

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीतून संध्याकाळी फोन येईल. "मॅडम, ई-वे बिलाची साईट चालंना झाल्या. काल चालत हुती." गेटवर कास्टिंगनं भरलेला ट्रक उभा, माल बेळगावला जायचा. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागतंच, म्हणजे ट्रक हलत नाही. बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं, "नेटवाल्याला फोन करा." मान वर करून स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ कोणी बघत नाही. तिथं तारीख कित्येक वर्षं मागची दिसत असते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. रात्री लाईट गेली की घड्याळ मागं जातं. साईटच्या सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध' असं असतं आणि कॉम्प्युटरच्या हिशेबानं ती तारीख अजून उगवलेलीच नसते, म्हणून ब्राउझर साईटवर विश्वास ठेवायला तयार होत नाही. तारीख बरोबर केली की साईट उघडते, आणि दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस रुपयांचा सेल बदलायचा. हे सर्टिफिकेट तपासणारं टीएलएस तू परीक्षेत पाच मार्कांना लिहून आली असशील. इथं त्यानं ट्रक अडवलेला असतो.

पण खरं काम त्याच्या पुढं आहे. ट्रक गेला, मालक खूश, फोन ठेवला, इथं बहुतेक जण थांबतात. तू विचारायचं, सकाळपासून त्या मशीनवरून बिलं किती झाली? सॉफ्टवेअर तारीख कुठून घेतं, सर्व्हरवरून की त्याच मशीनवरून? मशीनवरून घेत असेल तर दिवसभराच्या नोंदी चुकीच्या तारखेनं बसल्या असतील. ते आज कुणाला दिसणार नाही, जीएसटी रिटर्न भरताना दिसेल, आणि तेव्हा शिव्या तुमच्या कंपनीला बसतील. ते शोधायला डेटाबेस उघडावा लागतो, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, एसक्यूएल आलं. प्रिंटर बघायला गेलेली पोरगी तिथपर्यंत अशी पोचते.

म्हणून ग्राहक "चालंना" म्हणाला की पहिला प्रश्न एकच विचारायचा, काल आणि आज यांच्यामध्ये काय बदललं? विंडोज अपडेट झालं, नवीन राउटर बसला, कुणी पासवर्ड बदलला, मुकादमानं वायर काढून स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावला. "काय न्हाई ओ, काय बदललं न्हाई," असंच उत्तर येईल. चिडायचं नाही, प्रश्न फिरवून पुन्हा विचारायचा. मोठमोठ्या कंपन्यांत लाखांत पगार घेणारे इंजिनिअर सर्व्हर पडल्यावर हेच विचारत बसलेले असतात. चॅटबॉट आले, सपोर्टचं काम संपलं, असं तुला सांगणारे भेटतील. नेहमीचे प्रश्न जातील हे खरं. त्या मुकादमाकडून वायरचं कबूल करून घेणं मात्र अजून तरी माणसालाच करावं लागतं.

एक वही घाल. फोनमध्ये नको, वहीच. ग्राहक काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, प्रत्यक्षात काय निघालं, कशावरून कळलं. ग्राहकांची नावं, पासवर्ड, खाते क्रमांक त्यात अजिबात उतरवायचे नाहीत. दोन-तीन महिन्यांनी वाचलंस की तेच तेच दुखणं परत येताना दिसेल. त्यावर छोटी स्क्रिप्ट लिहून बघ. सिलेक्टच्या, म्हणजे एसक्यूएलनं डेटा नुसता वाचायच्या क्वेरी साहेबांकडून डेटाची टेस्ट प्रत मागून घेऊन तिच्यावरच चालव. चालू डेटावर हात साफ करायचा नाही, आणि कुठल्या नोंदी बदलायच्या ते सांगणारं व्हेअर लिहिल्याशिवाय अपडेट तर कुठंच नाही. बॅकअप रोज होतो असं सगळेच सांगतात. तो परत चढवून बघितलाय का, हे विचार. बहुतेक ठिकाणी नसतो बघितलेला. पतसंस्थांच्या मार्चएंडला मात्र घरी सांगून ठेव, उशीर होईल. व्याजात दोन पैशांचा फरक का येतो हे शोधताना राउंडिंग कुठल्या टप्प्यावर होतं ते जेवढं कळतं, तेवढं कुठला क्लास शिकवणार नाही.

दुरुस्तीचं काम हलकं, असं तुझ्या डोक्यात असेल तर उद्यमनगरातून एक चक्कर मार. इंजिनं दुरुस्त करता करता तिथल्या माणसांनी सुटे भाग ओतले आणि मग अख्खी इंजिनं उभी केली.

आता कागदपत्रं. इथं जरा वेळ घालव, कारण पहिल्या नोकरीच्या आनंदात पोरं काहीही सही करतात. १२,००० हा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च आहे की हातात येणारी रक्कम, हे लेखी विचार. पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे कंपनीला ईएसआय, म्हणजे कामगार विमा लागू असेल तर तुझे ०.७५ टक्के, म्हणजे ९० रुपये कापले जातील आणि कंपनी ३.२५ टक्के भरेल. ते ९० रुपये जाऊ देत, त्यात दवाखाना मिळतो. पीएफ लागू असेल तर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घे आणि पैसे खरंच जमा होतात का ते स्वतः पासबुकात बघ. व्यवसाय कर कापला तर विचार, का कापला म्हणून. महाराष्ट्रात बायकांना महिना २५,००० पर्यंत तो नाही. अकाउंटवाल्यालाही कधीकधी ठाऊक नसतं.

बाँडचं तू दबक्या आवाजात लिहिलंयस. दीड वर्षाचा बाँड म्हणून घाबरू नको, पण रक्कम किती आणि ती कशाबद्दल, हे वाच. ट्रेनिंगवर खरंच खर्च करणार असतील तर वाजवी भरपाई मागणं समजू शकतो. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेट मात्र कुणाच्या कपाटात ठेवायची नाहीत, दाखवायची आणि परत घ्यायची. आणि सही केलेला कोरा चेक तर नाहीच. तो बाउन्स झाला तर फौजदारी खटला लागू शकतो. यावर ते अडून बसले तर उठून ये. नोकरी घे म्हणालो ते हे सोडून.

पप्पांना माझं नाव सांगून सांग, साठ हजार सध्या बँकेतच राहू देत. कोर्स वाईट असतात म्हणून नाही. सहा महिने काम केल्यावर नेमकं काय येत नाही हे तुला कळेल, तेव्हा कोर्स निवडशील तो नेमका निवडशील. कदाचित लागणारही नाही, लिनक्स आणि एसक्यूएल फुकटात शिकता येतं. तोवर एक सेकंडहँड लॅपटॉप घे, रॅम १६ जीबी बघून.

किती दिवस राहायचं? बाँड संपेपर्यंत, आणि त्यानंतर वही काय म्हणते त्यावर. गेल्या चार महिन्यांत एकही नवीन दुखणं लिहिलं नसेल, आणि टेस्टिंग किंवा डेव्हलपमेंटकडं घ्या म्हटल्यावर "बघू, बघू" होत असेल, तर बाहेर अर्ज टाकायला सुरुवात कर. जाताना नोटीस पुरी भर आणि रिलिव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय निघू नको, पुढची कंपनी ते मागतेच. पगारवाढ मागायची ती वर्षानं, आणि मागायला जाताना "घरी अडचण आहे" हे बोलायचं नाही. कुठली कामं तुझ्यामुळं डेव्हलपरपर्यंत जायची थांबली ते वहीतून काढून दाखव.

फोनवर मात्र सांभाळ. शिरोलीचा मालक चढ्या आवाजात बोलणार, कारण ट्रकचं भाडं त्याचं चालू असतं. पण अर्वाच्य बोलला तर फोन सरळ साहेबांकडं द्यायचा. ती तुझी बारा हजारांतली ड्यूटी नाही.

सोमवारी सही करायला जाण्याआधी बाँडचा कागद मला वाचायला आण. रविवारी अकरानंतर घरीच आहे. पप्पांनाही घेऊन ये, साठ हजारांचं मीच बोलतो.

तुझा,
काका