नळी उघडू नका, लाकूड उतरवा

प्रश्न : पाटण तालुक्यात डोंगराकडेला शेती आहे. परवान्याची .३१५ बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे. पावसाळ्यानंतर नळी आणि लाकडाच्या फटीत गंज दिसतोय. लेथवाल्याच्या मदतीने घरीच नळी उघडून साफ करता येईल का?

उत्तर : नळी उघडायचं कारणच नाही. गंज लाकडाखाली आहे, आटे तिथे नाहीत.

नळी रिसिव्हरमध्ये, म्हणजे रायफलच्या मधल्या पोलादी सांगाड्यात, आट्यांवर घट्ट आवळलेली असते. साध्या व्हाइस-पान्याने जोर लावला की आधी रिसिव्हर पिळवटतो. परत बसवताना काडतुसाच्या बुडामागची जागा, म्हणजे हेडस्पेस, गेजने तपासावी लागते. ती वाढली तर बार उडताना पितळी खोळ ताणून तुटते आणि गरम वायू तोंडाकडे येतो. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. बाळगण्याच्या परवान्यावर ते काम होत नाही, लेथवाल्याकडून तर नाहीच.

मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. मग बोल्ट बाहेर काढून पुढचं लाकूड उतरवा. स्क्रू-ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसणारं हवं, नाहीतर खाच पहिल्याच झटक्यात झिजते. ली-एनफिल्ड धाटणीची रायफल असेल तर पुढचं लाकूड निघाल्याशिवाय दस्त्याचा, म्हणजे खांद्याला लावायच्या मागच्या लाकडाचा, लांब स्क्रू-बोल्ट फिरवू नका. त्याचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेलं असतं, फिरवलं की लाकूड चिरतं. खरं तर या कामासाठी दस्ता सोडवायची गरजही नाही.

गंजावर पातळ तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने घासा. पॉलिश पेपर नको, निळसर मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात गंज आणखी लवकर धरतो. लाकूड पूर्ण वाळल्यावरच जोडा. नखाला खड्डे लागत असतील किंवा नळीच्या आत गंज असेल, तर रायफल दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याला दाखवा. तोवर बार काढू नका.

प्रश्न : मिरजेत रायफल कॅनव्हासच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. चालेल का?

उत्तर : नाही. कापड दमट हवा धरून ठेवतं, चामडंही तसंच. पिशवी फक्त ने-आण करण्यापुरती. कुलूपबंद कपाटात रायफल उघडी ठेवा, सोबत सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाचा हात फिरवा. बार काढण्याआधी नळीतलं तेल मात्र कोरड्या चिंधीने पुसून घ्या.