लेझरवर 25 मायक्रॉन, एनएमआरवर 5 : मार्जरीनमधल्या पाण्याच्या थेंबांचा खरा आकार कोणता? आणि मुंबईत कुठे मोजून मिळेल?

एनएमआरचा, म्हणजे नमुना चुंबकात ठेवून पाण्यातल्या हायड्रोजनचा सिग्नल टिपणाऱ्या मशीनचा. लेझरचा, म्हणजे थेंबांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढणाऱ्या मशीनचा, आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या मार्जरीनचा नाही. पाण्याचे थेंब चरबीच्या स्फटिकांनी धरून ठेवलेले असतात. लेझरसाठी माल सॉल्व्हंटमध्ये पातळ केला की स्फटिक विरघळतात आणि थेंब एकमेकांत मिसळतात. मशीन मोजतं ते हे मिसळलेले थेंब.

यावरून मी इथल्याच एका कारखान्यात आमच्या साहेबांशी भरपूर भांडले आहे. लेझर नवं, महागडं, म्हणून त्याचा शब्द प्रमाण! थेंब मोठे दिसतात म्हणून इमल्सिफायर (तेल-पाणी वेगळं होऊ न देणारा पदार्थ) वाढवला, माल घुसळणाऱ्या पिन मशीनचा वेग वाढवला. मुळात बारीक असलेले थेंब आणखी बारीक झाले. मीठ असतं पाण्यात, आणि थेंब फार बारीक झाले की ते तोंडात लवकर फुटत नाहीत. डिस्ट्रिब्युटरकडून ओरड आली, पावाला लावल्यावर फिकं लागतं. साहेबांनी काय करावं? मीठ वाढवलं. एनएमआरचं नाव काढलं की "ते औषधवाल्यांचं काम" म्हणून उडवून लावायचे. अहो, पॅकर आणि रीस या संशोधकांनी याच पद्धतीने इमल्शनमधल्या (तेल-पाण्याच्या मिश्रणातल्या) थेंबांच्या आकाराची विभागणी, म्हणजे कोणत्या आकाराचे किती थेंब, काढली ती 1972 मध्ये!

यात नमुना नळीत भरायचा आणि तसाच मोजायचा. ग्रेडियंटचे, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकक्षेत्राचे, दोन पल्स (छोटे झटके) देतात आणि मधल्या वेळात पाणी किती सरकलं ते सिग्नल किती पडला त्यावरून काढतात. 25 अंशांना मोकळं पाणी 100 मिलिसेकंदांत एका दिशेला साधारण 20 मायक्रॉन सरकतं. 5 मायक्रॉनच्या थेंबातल्या पाण्याची गत संध्याकाळच्या विरार फास्टमधल्या माणसासारखी, धडपड कितीही केली तरी जागा तेवढीच. म्हणून सिग्नलही थोडाच घटतो, त्यावरून थेंब केवढा ते कळतं.

सोय म्हणाल तर कुलाबा-पवईच्या (टीआयएफआर, आयआयटी) मोठ्या एनएमआर चुंबकांमागे लागू नका. 20 मेगाहर्ट्झचं टेबलावरचं मशीन पुरतं, पण ते पल्स देणारी ग्रेडियंट कॉइल आहे का ते आधी विचारा. नमुना थंड ठेवायची सोयही हवी, कारण ही चुंबकं बहुधा 40 अंशांच्या आसपास ठेवलेली असतात आणि तिथे तुमचं मार्जरीन वितळेल.

हो, थेंब 20-30 मायक्रॉनच्या वर गेले तर एनएमआरही अडखळतं. सॉफ्टवेअर आकारांची लॉगनॉर्मल विभागणी (एका ठरावीक आकाराचा आलेख) आधीच गृहीत धरतं, म्हणजे भलताच नमुना घातला तरी गोंडस आकडा देतं. आणि एनएमआरची सरासरी घनफळावर असते, लेझरचीही घनफळावरचीच सरासरी घ्या आणि मगच तुलना करा.

तुमचे साहेबही लेझरवाले असतील तर पातळ केलेला नमुना मशीनमध्ये दहा मिनिटं फिरत ठेवा आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजा. आकडा वाढत गेला तर इमल्सिफायरच्या पुढच्या ऑर्डरवर सही करण्याआधी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा.