दहावी करून बाहेर पडणाऱ्या मुलांना जीवनकौशल्यं शिकवायला आपले शिक्षक तयार आहेत का?

मनाने बहुतेक जण तयार आहेत, सरावाने नाहीत. पुण्यात दहावीचा वर्ग घेते, त्यावरून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची 10 जीवनकौशल्यं (निर्णय घेणं, समानुभूती, ताण हाताळणं वगैरे) आम्हाला तोंडपाठ असतात. पण बी.एड.ला सवय लागते ती पाठ समजावून सांगायची. इथे समजावून भागत नाही, मुलांकडून करून घ्यावं लागतं. ‘मित्राने पुन्हा उसने पैसे मागितले, तर नाही कसं म्हणशील?’ असं विचारलं की मुलगा खाली बघतो, आणि अर्ध्या मिनिटात आपणच उत्तर सांगून मोकळे होतो. तिथेच तास हुकतो. ते अर्धं मिनिट थांबणं, मग दोघांना फळ्यापाशी उभं करून तो प्रसंग वठवून घेणं, हे शिक्षकाने आधी स्वतः केल्याशिवाय जमत नाही. एका दिवसाच्या प्रशिक्षणात तर नाहीच. जानेवारीनंतर सगळे तास पोर्शन आणि सराव परीक्षांत जातात, म्हणून नववीतच सुरुवात केलेली बरी. मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. एनसीसी किंवा स्काउट-गाइड सांभाळणारे शिक्षक हेच काम वेगळ्या नावाने कितीतरी वर्षं करत आलेत.