वाचकांचे प्रश्न : महाकाय प्राणी आणि त्यांचे वजन

प्रश्न : ‘आजवरचा सर्वांत मोठा प्राणी सापडला’ अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते, पण पुढे तिचे काय झाले ते कळत नाही. निळा देवमासा हाच सर्वांत मोठा प्राणी, असे आम्ही शाळेत शिकलो होतो. ते आजही खरे आहे का? आणि ज्यांची चार हाडेच उरली आहेत, अशा प्राण्यांचे वजन कसे काढतात?

उत्तर : ते आजही खरे आहे. निळ्या देवमाशाची लांबी सुमारे ३० मीटरपर्यंत जाते आणि मोठ्या देवमाशाचे वजन १५० टनांच्या पुढे असू शकते. याहून जड असल्याचे पक्के सिद्ध झालेला प्राणी, जिवंत किंवा नामशेष, आपल्याला माहीत नाही. गंमत अशी की, या जिवंत प्राण्याचेही अखंड वजन करणे सोपे नाही. शिकारीच्या काळात देवमाशाचे तुकडे करून ते वेगवेगळे तोलले जात आणि वाहून गेलेल्या रक्ताची भर अंदाजानेच घातली जाई.

नामशेष प्राण्यांच्या बाबतीत मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात पायाच्या व दंडाच्या हाडांचा घेर मोजतात, कारण चतुष्पाद प्राण्यांत हा घेर आणि शरीराचा भार यांचे नाते बरेच स्थिर असते. दुसऱ्यात सांगाड्यावर स्नायू व कातडी चढवून शरीराचे घनफळ काढतात आणि त्याला घनतेने गुणतात. दोन्ही मार्गांनी येणारे आकडे एकमेकांपासून बरेच दूर असू शकतात. आर्जेन्टिनात सापडलेल्या आणि १९९३ साली नाव मिळालेल्या आर्जेन्टिनोसॉरस या डायनोसॉरचे वजन म्हणूनच ६५ ते १०० टन अशा मोठ्या पट्ट्यात सांगितले जाते.

आपण विचारता त्या बातम्यांचे पुढे काय होते, याचे ताजे उदाहरण पेरू देशातले आहे. सुमारे ३.९ कोटी वर्षांपूर्वीच्या पेरुसीटस या देवमाशाचे वर्णन २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे वजन ८५ ते ३४० टन असावे असे म्हटले गेले, आणि बातम्यांनी साहजिकच वरचा आकडा उचलला. हाती होते १३ मणके, चार बरगड्या आणि कटीचा एक भाग. ही हाडे विलक्षण जाड आणि भरीव आहेत. पण हाडे जड म्हणून उरलेले शरीरही त्याच प्रमाणात जड, हे गृहीतक टिकण्यासारखे नव्हते. २०२४ साली दुसऱ्या अभ्यासकांनी हिशेब नव्याने मांडला आणि वजन ६० ते ११४ टनांवर आले.

त्याहून विचित्र कथा अमेरिकेतील जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी १८७८ साली वर्णन केलेल्या एका मणक्याची आहे. कोलोरॅडोत सापडलेला हा मणक्याचा तुकडाच सुमारे दीड मीटर उंच होता. नंतर तो हरवला. उरले ते कोप यांचे लिखित वर्णन आणि एक चित्र. तेवढ्यावरून हा डायनोसॉर जवळजवळ ६० मीटर लांब असल्याचे अनुमान निघाले होते. २०१८ साली त्याला वेगळ्या कुळात घातल्यावर ही लांबी ३० मीटरच्या आसपास आली. हाड तेच आणि चित्रही तेच होते. बदलला तो केवळ त्याचा मानलेला नातेवाईक. म्हणून अशा बातमीत वजनाचा आकडा वाचण्याआधी हाडे किती आणि कोणती मिळाली हे पाहावे, असे मी सुचवेन.

प्रश्न : हत्ती फार तर दहा टनांचा होतो. मग जमिनीवरच राहणारे काही डायनोसॉर त्याच्या सहा-सात पट कसे वाढले?

उत्तर : आधी अडचण पाहू. प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली, तर वजन आठपट होते, पण पायाच्या हाडाचे छेदक्षेत्र, आणि म्हणून भार पेलण्याची ताकद, चौपटच होते. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात हे मांडताना तिप्पट लांबीच्या हाडाचे चित्र दिले आहे, आणि त्यात ते हाड लांबीच्या मानाने बेढब वाटावे इतके जाड आहे. आजवरचा सर्वांत मोठा भूचर सस्तन प्राणी म्हणजे गेंड्याचा शिंगविरहित नातेवाईक पॅरासेरेथेरियम. तो साधारणपणे १५ ते २० टनांपर्यंत पोहोचला, आणि सस्तन प्राण्यांना जमिनीवर त्यापुढे मजल मारता आली नाही.

लांब मानेच्या सॉरोपॉड डायनोसॉरांनी ही अडचण अनेक बाजूंनी सोडवली. त्यांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, त्यामुळे प्रचंड मान आणि पाठ आकाराच्या मानाने हलकी राहिली. पक्ष्यांप्रमाणे त्यांच्या शरीरातही हवेच्या पिशव्या असल्याचे मानले जाते, म्हणजे एवढ्या लांब मानेतूनही श्वसन कार्यक्षम राहत असावे. ते अन्न चावत नव्हते, नुसते ओरबाडून गिळत होते. त्यामुळे हत्तीसारखी मोठ्या दाढांची आणि जबड्याच्या स्नायूंची जड कवटी पेलण्याची गरज पडली नाही, आणि डोके लहान असल्यानेच मान लांब होऊ शकली. लांब मान असलेला प्राणी एका जागी उभा राहून मोठ्या परिसरातला पाला खाऊ शकतो. शिवाय ते अंडी घालत. हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाढवून एकच पिल्लू देते. सॉरोपॉडची मादी अनेक अंडी घालत असे, आणि पिल्ले जन्मतः काही किलोंचीच असली तरी पुढे झपाट्याने वाढत.

देवमाशाचे गणित वेगळे आहे. त्याचा भार पाणी पेलते, आणि प्रश्न उरतो तो अन्नाचा. क्रिल या कोळंबीसारख्या लहान जीवांचे दाट थवे एका घासात गाळून खाता येतात म्हणूनच ते शरीर चालते; दिवसाला सुमारे १६ टन क्रिल, असा एक अलीकडचा अंदाज आहे. देवमासे इतके अजस्र झाले तेही गेल्या काही दशलक्ष वर्षांतच. डायनोसॉरांच्या युगाशी तुलना केली, तर हा अगदी अलीकडचा काळ आहे.

प्रश्न : मोठ्या प्राण्यांचे हे आकर्षण चित्रपटांनी निर्माण केले आहे का?

उत्तर : नाही, ते चित्रपटांहून जुने आहे. लंडनमध्ये १८५४ साली डायनोसॉरांचे पूर्णाकृती पुतळे लोकांसमोर आले. इग्वानोडॉनच्या नाकावर तिथे एक शिंग बसवलेले आहे. ते प्रत्यक्षात त्याच्या अंगठ्याचे टोकदार हाड होते. लोक तरीही गर्दी करत होते, आणि ते पुतळे आजही उभे आहेत.

प्रश्न : माणसाएवढा कीटक असू शकेल का?

उत्तर : उडणारा तर नाहीच. कीटकांना फुप्फुसे नसतात. हवा बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते, आणि शरीर मोठे होईल तशी ही व्यवस्था अपुरी पडते. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या मेगान्यूरा या चतुरासारख्या कीटकाच्या पंखांचा विस्तार ६५ ते ७० सेंटिमीटर होता. त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा जास्त होता, हे त्याचे एक कारण मानतात; आकाशात अजून पक्षी नव्हते, हे दुसरे.