वीस वर्षं शेडमध्ये बंद पडलेली 1973 ची फियाट घेऊन पुन्हा रस्त्यावर आणावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासुरवाडीच्या गावात ओळखीच्यांच्या शेडमध्ये 1973 ची पद्मिनी वीसेक वर्षं उभी आहे. इंजिन जाम आहे. मूळ मालक वारले, त्यांचा पुतण्या लाखभर रुपये मागतोय, आणि तिथला मिस्त्री म्हणतोय की इंजिनाचं काही नाही, महिन्याभरात चालू करून देतो. घ्यावी का?

मिस्त्री खोटं बोलत नाहीये. इंजिन चालू होईल. 1089 सीसीचं साधं चार सिलिंडरचं यंत्र आहे. कार्ब्युरेटर, डेल्को, पॉइंट, कंडेन्सर, संपलं. मुंबईत हजारो टॅक्स्या दशकानुदशकं याच इंजिनावर चालल्या, त्यामुळे ते उघडून बांधणारे हात अजून आहेत. पण बंद गाडी घ्यायची की नाही हे इंजिनावर ठरवू नये. कागद आणि पत्रा, या दोन गोष्टी बघा. त्या ठीक असतील तर इंजिनाचा गोळा झालेला असला तरी घ्या. त्या गेलेल्या असतील तर अर्ध्या सेल्फला सुरू होणारी गाडीसुद्धा घेऊ नका.

आधी एक किरकोळ गोष्ट. पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने हीच गाडी 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून काढली, मग मध्ये थोडा काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली गेली. म्हणजे गाडी खरोखर 1973 ची असेल तर आरसीवर 'पद्मिनी' असायचं कारण नाही. असेल, तर वर्ष तरी चुकीचं सांगितलंय किंवा आरसी तरी दुसऱ्याच गाडीची आहे. आरसी हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच बघा. बाकी लोक या सगळ्यांनाच पद्मिनी म्हणतात, त्यात तुमचा दोष नाही. (मागच्या बाजूने बिजागरी असलेले, उलटे उघडणारे पुढचे दरवाजे असतील तर मात्र ती आणखी जुनी, डुक्कर फियाटच्या घराण्यातली. तसं असेल तर मला लगेच कळवा, मीच घेतो.)

आता कागद. पुतण्या विकतोय, पण आरसी काकांच्या नावावर. म्हणजे विकायचा अधिकार आज तरी त्याला नाही. आधी गाडी कायदेशीर वारसाच्या नावावर व्हायला हवी: मृत्यूचा दाखला, फॉर्म 31, आणि काकांची मुलं-मुली असतील तर त्यांची लेखी संमती. पुतण्या म्हणेल की चुलत बहिणींचं काही म्हणणं नाही. आजवर गंजत पडलेल्या गाडीबद्दल कुणाचंच काही म्हणणं नसतं. ती रंगवून, क्रोम चमकवून तुम्ही लग्नात मिरवली की म्हणणं सुरू होतं. ही संमती पैसे देण्याआधी घ्या. त्यानंतर तुमच्या नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तर फॉर्म 28 ची एनओसी.

आरसी बुकाच्या आतल्या पानावर हायपोथिकेशनचा, म्हणजे गाडीवर कर्ज असल्याचा, शिक्का आहे का तेही पाहा. कर्ज पन्नास वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहून गेलेला असतो. बँक असेल तर एनओसी मिळते, थोडं झिजावं लागतं. पण कर्ज देणारी एखादी फायनान्स कंपनीच बंद पडलेली असेल तर तो शिक्का काढणं हे इंजिन जाम सोडवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

मग नंबर. 1973 चा नंबर म्हणजे जुन्या तीन अक्षरी मालिकेतला, 'एमएच' वाला नव्हे. हे रेकॉर्ड आरटीओच्या जाड रजिस्टरांत असतं आणि बऱ्याचदा 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत चढलेलंच नसतं. ॲपवर नंबर टाकला आणि काही आलं नाही तर घाबरू नका. मूळ नोंद ज्या आरटीओत आहे तिथे जाऊन रजिस्टरात ती सापडते का विचारा आणि बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद आता ऑनलाइन चढवणं, करून मिळेल का ते बघा. नोंद सापडली तर मार्ग आहे. नाहीच सापडली, किंवा गाडी कधीतरी भंगार म्हणून रद्द केलेली निघाली, तर विषय संपला. 'पुढे काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या भरवशावर सौदा करू नका.

गाडीवर ठोकलेला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करा, कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप घ्या. आरटीओवालेही तेच मागतात. चेसिस नंबरच गंजाने खाल्लेला असेल तर पुढची दगदग मोठी. इंजिन नंबर न जुळणं या गाड्यांत नेहमीचं आहे, कारण टॅक्सीतलं बरं इंजिन खासगी गाडीत बसवायची जुनी रीत. त्याची नोंद झालेली नसेल तर ती तुम्हाला करून घ्यावी लागेल.

नोंदणीची मुदत 15 वर्षांची होती, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. ते वीस वर्षं झालेलं नसणार. 2022 पासून उशिराला महिन्याला 500 रुपये जादा लागतात, आणि 20 वर्षांपेक्षा जुन्या कारच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 मध्ये 10 हजार झाली. वर पर्यावरण कर, विमा, एचएसआरपी म्हणजे नवी सुरक्षित नंबरपाटी. हा सगळा हिशेब आरटीओच्या खिडकीवर आधी मांडून घ्या आणि तोच कागद पुतण्यासमोर ठेवून घासाघीस करा. दिल्लीतल्या 10-15 वर्षांच्या बंदीच्या बातम्या वाचून कुणी भीती घालत असेल तर सोडून द्या, तो नियम तिकडचा.

तुमच्या गाडीला आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली खासगी गाडी त्यात बसते, म्हणजे 1973 वाली बसते. नोंदणी 10 वर्षांची मिळते, आणि आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो. पण मेख अशी की मग ती रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. शिवाय चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. रविवारी बायकोला घेऊन महाबळेश्वरला जायचं स्वप्न असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

आणि मिस्त्री कधी ना कधी म्हणणारच की "साहेब, मारुतीचं इंजिन टाकू, एसी पण चालेल." नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली मंजुरीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि केलात तर व्हिंटेजची वाटही बंद.

आता पत्रा. माझा सगळा जीव इथे अडकलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी चौकट असते, वर बॉडी बसवलेली असते. फियाट 1100 ला अशी चौकट नाही. फ्लोअर, दरवाजाखालच्या पेट्या, खांब, छत हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे दरवाजाखालची पेटी सडली तर नुसतं रूप जात नाही, गाडी मधून खचते. खूण सोपी आहे. दरवाजा उघडा आणि हळू लावून बघा. तो खाली येऊन खांबाला घासत असेल, उचलून लावावा लागत असेल, तर नुसती बिजागरी झिजलीय की गाडीच वाकलीय ते शोधायला लागेल.

जाताना एक चपटं लोहचुंबक, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि आडवं व्हायला गोणपाट न्या. चुंबक फडक्यात गुंडाळून दरवाजांच्या खालच्या वीतभर भागावर, चाकांच्या कमानींवर आणि पेट्यांवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे आत पत्रा नाही, पुट्टी आहे. मिरजेकडे एक गाडी बघायला गेलो होतो. मालकाने चार वर्षांपूर्वीच रंग मारलेला, बॉनेटमध्ये तोंड दिसेल अशी चमक. दरवाजाखाली चुंबक लावलं तर सरळ खाली पडलं. मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत. बाहेर काढताना टोकाला ओला लगदा चिकटून आला, त्यावर मराठी अक्षरं. भोकात वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी थापली होती, तिच्यावर रंग. मालक बिचारा आमच्याइतकाच चकित झाला होता.

गोणपाटावर आडवं होऊन मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला धरलेत ती जागा टोचा. डिकीत स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा. आतली मॅटिंग काढून पायाखालचा फ्लोअर बघा. पुढच्या काचेचं रबर गळत असेल तर पाणी तिथेच साठतं. शेड कुठे आहे यानेही खूप फरक पडतो. सोलापूर-विजापूर पट्ट्यातली उघड्यावर पडलेली गाडी रंगाने मेलेली दिसते पण पत्रा ठणठणीत असतो. कोकणातली छपराखालची गाडी वरून शाबूत आणि खालून चाळण. तुम्ही गाव लिहिलेलं नाही, पण घाटाखालचं असेल तर दुप्पट वेळ गाडीखाली घालवा.

खर्चाचं प्रमाण सांगतो, म्हणजे अंदाज येईल. माझ्या 1967 च्या डिलाइटला पत्रा आणि रंग मिळून इंजिनाच्या तिपटीहून जास्त पैसे गेले, आणि तिचा पत्रा बरा होता. डेंटर चांगला हवा. वरून ठिगळ लावणारा नको, सडलेलं कापून नवीन पत्रा वाकवून बसवणारा हवा. असे लोक कमी उरलेत आणि त्यांच्याकडे रांग असते. कामाची मुदत ते सांगतील त्यावर फार विसंबू नका.

इंजिनाबद्दल एवढंच: बॅटरी लावून सेल्फ मारायला कुणालाही देऊ नका, मिस्त्रीलाही नाही. वीस वर्षांत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात. प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओता, आठवडाभर तसंच ठेवा, रोज थोडं घाला. मग क्रँक पुलीच्या नटला लांब पाना लावून दोन्हीकडे जरा जरा हलवा. एक केसभर हलली की सुटली समजा. पान्यावर पाइप घालून जोर करू नका. सुटलं तरी रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट बदलावंच लागतं, पण ब्लॉक वाचतो आणि मूळ इंजिन नंबरही वाचतो. टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, टाकी उतरवून धुवा. आणि आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला 1973 चं रबर टिकत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा घ्या. नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकेल.

गाडी सुरू व्हायच्या आधी थांबायला हवी. चारही चाकांना ड्रम आहेत. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज सगळं नवीन. इथे काटकसर करू नका. आणि गावातून आणताना चाकं जाम असतील तर दोर बांधून ओढू नका, सपाट ट्रकवर चढवून आणा.

सुट्या भागांचं म्हणाल तर यांत्रिक भाग मिळतात: पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पण मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे टॅक्सीवाल्यांसाठी माल ठेवणारे दुकानदार आता नवीन भरत नाहीत. खरी मारामार आहे ती पुढची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, मूळ मीटर, दिव्यांच्या काचा यांची. म्हणून गाडीवर आत्ता काय काय शाबूत आहे त्याचे फोटो काढा आणि शेडमध्ये, माळ्यावर, गोठ्यात पडलेलं सगळं सामान सौद्यात धरा. तुटका हबकॅपसुद्धा सोडू नका. पुतण्याला तो भंगार वाटेल, तुम्हाला नंतर तो शोधत फिरावं लागेल.

आता किंमत. आरसी मूळ, नंबर जुळतात, वारस सही करायला तयार, पेट्या ठोस आणि जाळी-पट्ट्या जागेवर, असं असेल तर लाख देऊन टाका, फार ताणू नका. कागद बरोबर पण खालचा पत्रा सडका असेल तर मी तीस हजारांच्या वर जाणार नाही, आणि तेही सुट्या सामानासाठी. आरसी हरवली असेल तर आधी पुतण्यालाच आरटीओत पाठवा. तो चार दिवसांत कंटाळला तर भाव आपोआप खाली येईल, आणि नोंदच सापडली नाही तर तुमचे पैसे वाचतील.

आरसीच्या पानांचे आणि दरवाजाखालच्या पेट्यांचे फोटो काढलेत तर खाली टाका, नंबर तेवढा झाकून. बघून सांगतो.