झोहरांच्या बांगड्या

पत्राचा सारांश : "मी नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. आम्ही आदिवासी समाजातील आहोत. मुलीला बारावी विज्ञानला, गणितासह, 78 टक्के गुण मिळाले, पण नीटमध्ये ती फारच मागे पडली. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून तिला वर्षभर लातूरला रिपीटर बॅचला ठेवायचे मी ठरवले आहे. तिला मात्र भौतिकशास्त्र घेऊन हवामानाचे संशोधन करायचे आहे. संशोधनात आमची माणसे कुठे दिसतात? रोज रात्री मी तिला डॉ. कलाम, डॉ. माशेलकर यांचा संघर्ष वाचून दाखवतो आणि सांगतो, त्यांना काहीच नव्हते, तुला तर सगळे आहे. ती ऐकून घेते आणि उठून जाते. पावसाळ्यात रोज सकाळी अंगणातल्या बाटलीतले पाणी मोजत बसते. घराच्या कामाचे सिमेंटसुद्धा तिने त्या बाटलीत ओतून ठेवले होते. तिची समजूत कशी घालावी?"

सर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीच्या गुणांची मला काळजी वाटली नाही. "ती ऐकून घेते आणि उठून जाते" हे वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. अठरा वर्षांच्या मुलीला रोज झोपण्यापूर्वी "त्यांना काहीच नव्हते, तुला सगळे आहे" असे ऐकावे लागते, तेव्हा तिच्या कानावर कलाम पडत नाहीत. आपण घरच्यांच्या ऋणात आहोत आणि ते फेडायला कमी पडलो, एवढेच पडते. तुमचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. तरीही हे वाचन आजपासून बंद करा, अशी माझी स्पष्ट विनंती आहे. थोरांची चरित्रे मुलांच्या पाठीवर ओढण्यासाठी नसतात.

शिवाय तुम्ही सांगता ती गोष्ट अर्धीच आहे. रामेश्वरमला लहानग्या कलामांनी वर्तमानपत्रे वाटली हे खरे. पण पुढे मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, तेव्हा लागणारे सुमारे हजार रुपये वडिलांकडे नव्हते, आणि ते उभे राहिले थोरली बहीण झोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली म्हणून. गोव्यातील माशेल गावचे माशेलकर वडिलांच्या मागे आईच्या कष्टांवर मुंबईत शिकले, 1960 साली शालान्त परीक्षेत बोर्डात अकरावे आले, आणि तरीही शिक्षण सोडून नोकरी धरण्याच्या बेतात होते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या दरमहा 60 रुपयांच्या शिष्यवृत्तीने त्यांना कॉलेजात टिकवले. ताऱ्यांच्या भौतिकशास्त्रात नाव कमावलेले, ढाक्याजवळच्या खेड्यातील मेघनाद साहा हे लहानशा वाणसामानाच्या दुकानदाराचे पोर. दूरच्या शाळेत जाता यावे म्हणून अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले, आणि थोरले भाऊ जयनाथ तुटपुंज्या पगारातून पैसे पाठवत राहिले. गरिबीने शास्त्रज्ञ घडतो हा आपल्याकडचा फार जुना आणि फार घातक गैरसमज आहे. मी स्वतः कित्येक वर्षे शाळाशाळांतून वर्तमानपत्रांची गोष्ट सांगितली आणि बांगड्यांची सांगितली नाही, याचे मला आज वाईट वाटते. तितकीच हुशार, तितकीच कष्टाळू, पण गहाण टाकायला बांगड्या असणारी बहीण ज्यांना नव्हती, अशा मुलांची चरित्रे कोणी लिहीत नाही, म्हणून गरिबीने किती जणांना गिळले ते आपल्याला दिसत नाही.

"आमची माणसे कुठे दिसतात" हा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊन मी तुमची फसवणूक करणार नाही. हेच साहा कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये राहत होते. तिथे उच्चवर्णीय मुलांनी त्यांच्याबरोबर भोजनगृहात जेवायला नकार दिला. पुढे 1920 साली त्यांनी जे समीकरण मांडले, त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून त्याच्या तापमानाचा अंदाज घेता येऊ लागला. ते समीकरण त्या अपमानातून जन्मले असे कोणी म्हणाले तर मला ते मान्य नाही. अपमान झाला नसता तरी ते साहाच होते, फक्त त्यांचे जेवण सुखाने झाले असते. तुमच्या मुलीलाही वसतिगृहात, प्रयोगशाळेत कुणीतरी कोट्याचा टोमणा मारील, हे तिला आधीच सांगून ठेवा. पण डॉक्टरचा पांढरा कोट अंगावर चढला की हा टोमणा थांबतो, अशी समजूत असेल तर तीही सोडून द्या. आपल्या माणसांची उणीव दोन्हीकडे आहे; त्यामुळे त्या कारणासाठी तिला एका दारातून ओढून दुसऱ्या दारात उभे करण्यात अर्थ नाही.

आता त्या बाटलीविषयी. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे, आणि मला तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच वाटली. शीतपेयाच्या बाटलीचा तळ सपाट नसतो, त्याला उंचवटे आणि खाचा असतात. त्यामुळे तळापासून पट्टी लावली तर पहिल्या काही मिलिमीटरचा हिशेब चुकतो. तुमच्या मुलीने तळात सिमेंट ओतले, म्हणजे तिने आपल्या मोजमापाचा शून्य स्वतःच्या हाताने सपाट करून घेतला. हे तिला कोणी शिकवलेले दिसत नाही. नीटच्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत याला गुण नाहीत, आणि प्रायोगिक विज्ञानाची सुरुवात नेमकी इथेच होते.

याच कामात हयात घालवलेल्या एका बाईंचे नाव तिला सांगा. अण्णा मणी, जन्म 1918, केरळमधील पीरमेड. घर सुखवस्तू होते. आठव्या वाढदिवसाला घरच्या रीतीप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या, त्याऐवजी त्यांनी विश्वकोश मागून घेतला. बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम केले. एकेका छायाचित्र-पट्टिकेला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, म्हणून कित्येकदा त्या प्रयोगशाळेतच झोपत. 1945 साली प्रबंध सादर झाला आणि विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नव्हती. संशोधन समोर ठेवलेले असताना एक कागद नाही म्हणून नकार! गरिबीचा इथे काही संबंध नव्हता, तरी दार बंद झालेच. भौतिकशास्त्र शिकण्यासाठी त्या लंडनला गेल्या, तर तिथे हवामानशास्त्रीय उपकरणांचे प्रशिक्षण एवढेच उपलब्ध होते. ते त्यांनी घेतले, 1948 साली परत आल्या आणि आपल्या पुण्यात भारतीय हवामानशास्त्र विभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेसुद्धा परदेशातून येत. पर्जन्यमापक, तापमापक, वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे, अशा सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करवून घेतले आणि ती इथे बनू लागली. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, असा त्यांचा आग्रह असे. 1976 साली त्या विभागाच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. पीएच.डी. त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही.

मार्ग थोडक्यात सांगते. आयसरची, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थांची, प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिच्या तारखा आजच पाहा. ती यंदा हुकली तर चांगल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र किंवा गणित घेऊन बी.एस्सी., नंतर एम.एस्सी. प्रवेशासाठीची जॅम परीक्षा किंवा पुणे विद्यापीठातील वातावरण व अवकाश विज्ञान विभाग. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही पुण्यातच, पाषाणला आहे. जात वैधता प्रमाणपत्र हाताशी ठेवा, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची आणि वसतिगृह न मिळाल्यास राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणाऱ्या स्वयम योजनेची चौकशी करा, पीएच.डी.साठी अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय फेलोशिपही आहे. या गोष्टी घ्यायला संकोच करू नका. माशेलकरांचे साठ रुपये ज्या जातीचे होते, त्याच जातीची ही मदत आहे.

लातूरला मी नाही म्हणते. वैद्यकीय शिक्षण वाईट म्हणून नव्हे, तर मुलगी तिकडे जाऊ इच्छित नाही म्हणून. नकोशा अभ्यासक्रमाची परीक्षा दुसऱ्यांदा देण्यात गेलेले वर्ष आणि तुमच्या निर्वाह निधीतील पैसा, दोन्ही परत येत नाहीत. हा पैसा तुमच्या घरातल्या झोहरांच्या बांगड्या आहेत. त्या मोडायच्याच असतील तर तिच्या पुण्याच्या खोलीसाठी, जेवणासाठी, पुस्तकांसाठी मोडा.

आणि आज रात्री वाचून दाखवण्याऐवजी तिची पावसाची वही तिच्याकडून मागून घ्या. बाटलीचे कापलेले तोंड उलटे बसवून नरसाळे केले आहे का, त्याची रुंदी खालच्या भागाइतकीच आहे का, हे तिला विचारा, कारण तसे नसेल तर मिलिमीटरचा आकडा बदलतो. ती समजावून सांगेल. तिच्या नोंदी तहसीलच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींशेजारी मांडून बघा. हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतो, तेव्हा तिनेही रोज तीच वेळ पाळावी. ती शिकायला बाहेर पडली की वहीत खंड पडेल. तेव्हा साडेआठला अंगणात जाऊन, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, आकडा लिहिण्याचे काम तुम्ही तिच्याकडून आताच शिकून घ्या.